मास्तर बाहेर, पोरं पेटली?

भातकापणी आटोपून मळे सुकले, की कुडाळ-मालवण पट्ट्यात गावोगावी सामन्यांचा हंगाम सुरू होतो. कुठे टेनिस चेंडूचे क्रिकेट, कुठे कबड्डी. बाहेरगावचे लोक वालावलला येतात ते लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्याच्या शेजारचे तळे पाहायला. आम्ही सुट्टीत गावी गेलो की संध्याकाळी दिवे लागल्यावर मैदान गाठतो. अशाच एका कबड्डीच्या सामन्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे.

आमच्या वाडीचा संघ मागे पडला होता. एकामागून एक गडी बाद होत होते आणि मैदानात शेवटी एकच उरला. चढाईत त्याने बोनस रेषा ओलांडली की नाही, यावरून संघाचे मार्गदर्शक आणि पंच यांची हमरीतुमरी झाली. मार्गदर्शक म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनी कवायत शिकवलेली. पंचांनी दोनदा बजावले आणि तिसऱ्यांदा त्यांना मैदानाबाहेर जायला सांगितले. मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून काजूच्या झाडाखाली जाऊन बसले. त्यानंतर आमच्या पोरांनी जी पिछाडी भरून काढली तिला तोड नव्हती. सामना जिंकला.

रात्री चहाच्या टपरीवर निकाल लागला तो असा: "सरांका भायर काढल्यानी आणि पोरां पेटली. नायतर हरलेच होते." हे बोलणारे गृहस्थ आमचे बालमित्र असून एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. आम्ही शंका काढली, तेव्हा त्यांनी एका वाक्यात आमचे तोंड बंद केले: "अरे, मियां डोळ्यांनी बघलंय!"

डोळ्यांनी आम्हीही पाहिले होते. प्रश्न आहे तो काय पाहिले याचा. मार्गदर्शकाने संतापून स्वतःला बाहेर काढवून घेतले, की संघाला फायदा होतो, ही समजूत आपल्या गावापुरती नाही. जगभरच्या मैदानांवर ती ठाण मांडून बसली आहे. ती अगदीच खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. ती ज्या पुराव्यावर उभी आहे, त्या पुराव्यात मात्र फारसा जीव नाही.

आधी आमच्याच सामन्याकडे पाहू. कबड्डीत संघाचे सातही गडी बाद झाले, की प्रतिस्पर्ध्याला लोणाचे दोन जादा गुण मिळतात आणि बाद झालेला संघ पुन्हा सात गड्यांनिशी मैदानात उतरतो. आता घटनांचा क्रम लावून पाहा. मास्तर चिडले केव्हा? एकच गडी उरला होता तेव्हा. लगेच पुढे काय झाले? तो गडी पकडला गेला, लोण बसला आणि सातही जण ताजेतवाने होऊन परत आले. एका गड्याने खेळणारा संघ आणि सात गड्यांनी खेळणारा संघ यांत फरक पडणारच. मास्तर काजूखाली बसले असते, पंचांच्या शेजारी बसले असते किंवा घरी पेज खात बसले असते, तरीही पडला असता. लोण बसण्याची वेळ आणि मास्तरांच्या संतापाची वेळ एकच, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: संघाची वाईट अवस्था. आपण मात्र संताप लक्षात ठेवतो आणि लोण विसरतो. संताप तेवढा लक्षात राहण्याजोगा असतो.

हे सांगितल्यावर आमच्या मित्राने गाव सोडून थेट बंगळुरू गाठले. २०२३ च्या सॅफ फुटबॉल स्पर्धेचे उदाहरण त्याने दिले. उदाहरण चांगले आहे, म्हणून थोडे तपशिलाने पाहू.

२१ जून २०२३ रोजी श्री कंठीरवा मैदानावर भारत विरुद्ध पाकिस्तान हा सामना होता. मध्यंतराच्या तोंडावर भारताचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी पाकिस्तानी खेळाडूला चेंडू आत फेकू दिला नाही. धक्काबुक्की झाली आणि पंचांनी स्टिमाच यांना लाल कार्ड दाखवले. भारताने सामना ४-० असा जिंकला. पुढचा नेपाळविरुद्धचा सामना प्रशिक्षकाविना २-० असा जिंकला. मग कुवेतविरुद्ध स्टिमाच यांना पुन्हा लाल कार्ड मिळाले आणि या वेळी दोन सामन्यांची बंदी आली. उपान्त्य व अंतिम सामन्यात संघाची सूत्रे साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी यांच्याकडे होती. गवळी गोव्याचे, एकेकाळी भारताच्या बचावफळीचा आधार. भारताने दोन्ही सामने जिंकून विजेतेपद मिळवले. आता यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

हवा. पाकिस्तानविरुद्ध स्टिमाच बाकावर होते तोवर भारताने दोन गोल केले. ते गेल्यावर उत्तरार्धात आणखी दोन. म्हणजे पहिल्या अर्ध्यात जो वेग होता तोच दुसऱ्या अर्ध्यात राहिला. पेटण्याची खूण त्यात दिसत नाही. कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात भारत १-० ने पुढे होता. ८१ व्या मिनिटाला प्रशिक्षक गेले आणि जादा वेळेत आपल्याच खेळाडूकडून स्वयंगोल होऊन सामना १-१ असा सुटला. हा सामना आमच्या मित्राच्या यादीत नव्हता! उपान्त्य सामन्यात लेबनॉनशी १२० मिनिटे खेळूनही दोन्ही बाजूंना भोपळा. निकाल पेनल्टीवर ४-२ लागला. अंतिम सामन्यात कुवेतशी १२० मिनिटांनंतर १-१, आणि पेनल्टीवर ५-४. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने शेवटची पेनल्टी अडवली म्हणून चषक आपल्याकडे आला. ती हातभर बाजूने गेली असती तर? तर हीच मंडळी टपरीवर म्हणाली असती, "कोचाक अक्कल नाय, ऐन वेळी संघ वाऱ्यार सोडल्यान." ज्या पुराव्यातून दोन्ही निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, तो पुरावा कशाचाच नव्हे.

यावर मित्राने हुकमाचा एक्का काढला: मेलबर्न, १९८१. सुनील गावस्करांचे घराणे वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात हा विषय काढला की वाद घालणारा आधीच निम्मा हरलेला असतो.

घटना सर्वपरिचित आहे. पहिल्या डावात भारताच्या २३७, ऑस्ट्रेलियाच्या ४१९. दुसऱ्या डावात गावस्कर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. तेव्हा लिलीच्या चेंडूवर गावस्करांना पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे त्यांचे म्हणणे. गोलंदाजाशी शब्दाला शब्द लागला आणि जाता जाता कर्णधाराने चौहानलाही मैदानाबाहेर चालायला लावले. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आडवे आले, चौहान परत फिरला आणि सामना वाचला. पुढे ऑस्ट्रेलियासमोर अवघ्या १४३ धावांचे लक्ष्य असताना त्यांचा डाव ८३ धावांत कोसळला. कपिल देवने २८ धावांत ५ बळी घेतले. कर्णधार पेटला, संघ पेटला, कसोटी जिंकली: गोष्ट इतकी नीट बसते की तिला हात लावू नये असे वाटते.

पण आकड्यांनी हात लावावाच लागतो. संताप झाला तेव्हा भारताची एकही विकेट गेलेली नव्हती. त्यानंतर काय झाले? चौहान ८५ वर बाद झाला आणि संघ ३२४ वर आटोपला. म्हणजे संतापापूर्वी एका जोडीने १६५ धावा केल्या आणि संतापानंतर उरलेल्या सर्वांनी मिळून १५९. संतापाने धावा येत असत्या, तर त्या येथे दिसायला हव्या होत्या. गोलंदाजीचे म्हणाल, तर खेळपट्टी पाचव्या दिवसापर्यंत खालावली होती आणि चेंडू खाली राहत होता. अशा खेळपट्टीवर मांडीच्या दुखापतीसह गोलंदाजी करणारा कपिल, पायाच्या दुखापतीसह टाकणारा दिलीप दोशी आणि ग्रेग चॅपेलचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवणारा कर्सन घावरी हे तिघे होते. त्यांच्या यशाला कर्णधाराच्या रागाची गरज होती का? असेलही. पण हा सामना ते सांगू शकत नाही. स्वतः गावस्करांनी पुढे या प्रसंगाबद्दल खेदच व्यक्त केला. आमच्या मते त्या दिवशी भारतासाठी सर्वांत मोलाचे काम केले ते चिडलेल्याने नव्हे, तर दारात उभे राहून चौहानला परत पाठवणाऱ्याने. अर्थात हेही एकाच सामन्यावरून काढलेले मत, तेव्हा वाचकांनी त्याला तितकेच वजन द्यावे.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने जिथला, तिथे आता जाऊ. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये संघाचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो. निर्णय पटला नाही की तो तरातरा मैदानात येतो, पंचाच्या नाकाला नाक भिडवून ओरडतो, प्रसंगी पायाने माती उडवतो. मग पंच त्याला हाताच्या झटक्याने बाहेर काढतो. प्रेक्षक यासाठी जणू वाटच पाहत असतात. अटलांटाच्या संघाचे बॉबी कॉक्स हे या कलेतले विक्रमवीर. दीडशेहून अधिक वेळा त्यांना बाहेर काढण्यात आले. आणि त्यांचाच संघ १९९० च्या दशकातील सर्वांत यशस्वी संघांपैकी एक होता. १९९५ मध्ये तो अजिंक्यही ठरला. संघाला चेतवण्यासाठी मॅनेजर मुद्दाम बाहेर जातात, असे तिथले जाणकार म्हणतात. आपल्या टपरीवरचेच मत, फक्त इंग्रजीत.

बेसबॉलचा फायदा असा, की एका संघाचे एका हंगामात १६२ सामने होतात आणि प्रत्येक चेंडूची नोंद राहते. म्हणजे मोजायला सामग्री भरपूर. पण मोजायचे कसे? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर घालावा, कारण पहिली दोन उत्तरे हमखास चुकतात आणि परस्परविरुद्ध दिशांनी चुकतात.

पहिले उत्तर: मॅनेजर बाहेर गेला असे सामने घ्या, त्यांतले किती जिंकले ते पाहा आणि इतर सामन्यांशी तुलना करा. ही पद्धत बाहेर जाण्याला अपशकुनी ठरवील. कारण माणूस चिडतो तो बहुधा निर्णय आणि धावसंख्या दोन्ही विरोधात जात असताना. हरत आलेले सामनेच त्या यादीत जास्त जमा होणार. दवाखान्यात गेलेल्यांत आजारी जास्त सापडतात, म्हणून दवाखान्याला दोष देण्यासारखेच हे आहे.

दुसरे उत्तर: बाहेर जाण्याआधीचा खेळ आणि नंतरचा खेळ यांची तुलना करा. ही पद्धत बाहेर जाण्याला रामबाण ठरवील. कारण आधीचा खेळ नेहमीपेक्षा वाईट होता म्हणूनच तर भडका उडाला. आणि नेहमीपेक्षा वाईट खेळाच्या पाठोपाठ येतो तो बहुधा नेहमीचा खेळ. तो चांगला वाटतो, एवढेच.

एकाच खेळाच्या त्याच नोंदी दोन पद्धतींनी पाहिल्या तर एकदा विष आणि एकदा औषध! बरोबर पद्धत यांच्या मधली आहे. तितक्याच धावांनी मागे असलेले, खेळाच्या त्याच टप्प्यावरचे, तशाच ताकदीचे संघ घ्यायचे. काहींचा मॅनेजर बाहेर गेलेला, काहींचा बसलेला. आणि मग पुढचे पाहायचे. प्रयोगशाळेत आम्ही ज्याला तुलनागट म्हणतो तो हा. येथेही एक भोक राहतेच. मॅनेजर स्वतःची वेळ स्वतः निवडतो. आज पोरांत दम आहे, थोडे चेतवले तर उठतील, असे त्याच्या अनुभवी नजरेला दिसले म्हणून तो गेला असेल, तर श्रेय संतापाला द्यायचे की नजरेला? खरा प्रयोग करायचा तर पंचाने नाणे उडवून कुणाला बाहेर काढायचे ते ठरवावे लागेल. ते होणे नाही.

तुलनागटाने काय फरक पडतो याचे एक सुंदर उदाहरण हॉलंडमधले आहे. फुटबॉल संघ सतत हरू लागला की प्रशिक्षकाला नारळ देतात, आणि त्यानंतर संघ बहुधा सुधारतो. बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील डच संघांच्या नोंदी तपासल्या. त्याने आणखी एक यादी केली: तसेच सतत हरणारे, पण ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही असे संघ. तेही तितकेच सुधारले होते. नारळ फुकट गेला म्हणायचा.

या साऱ्यामागचे तत्त्व फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये माणसांच्या उंचीवरून दाखवले. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात, ती सर्वसाधारण उंचीकडे सरकलेली असतात. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. गंमत अशी, की फार उंच मुले निवडून त्यांच्या आईवडिलांकडे पाहिले, तर तेही सरासरीकडे सरकलेले दिसतात! मुलांमुळे आईवडील बुटके झाले, असे कुणी म्हणणार नाही. सरकण्यामागे कारण नसून आपली निवड आहे, हे त्यावरून कळते.

शिक्षकांच्या कामाशी याचा संबंध आला तो १९६० च्या दशकात. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे डॅनियल कानमन तेव्हा इस्रायली हवाई दलातील प्रशिक्षकांपुढे बोलत होते. शाबासकीने शिकवणे शिक्षेपेक्षा परिणामकारक असते, असे त्यांनी सांगितले. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की आपला अनुभव नेमका उलटा आहे. सुरेख कसरतीबद्दल शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते. वाईट कसरतीबद्दल झापले की पुढची सुधारते. त्याची निरीक्षणे खरी होती. निष्कर्ष तेवढा चुकला होता. अतिशय सुरेख कसरतीनंतरची कसरत बहुतेक वेळा त्याहून साधारणच असते, बोला अथवा बोलू नका.

हे वर्गात करून पाहता येते. ३६ विद्यार्थी असतील तर प्रत्येकाने दोन फासे टाकावेत. ल्युडोचे चालतील. बेरीज ४ किंवा कमी आली, तर शिक्षकांनी त्याला खोटेखोटे खडसवावे: "लक्ष कुठे आहे?" बेरीज १० किंवा अधिक आली, तर टाळ्या वाजवाव्यात. मग या दोन्ही गटांनी पुन्हा फासे टाकावेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये बेरीज ४ पर्यंत येते आणि ६ मध्ये १० किंवा वर. म्हणजे अपेक्षेप्रमाणे सहा जण बोलणी खातील आणि त्यांतले पाच दुसऱ्या वेळी ४ च्या वर जातील. टाळ्या मिळालेल्या सहांपैकी पाच १० च्या खाली घसरतील. प्रत्यक्षात आकडे थोडे मागेपुढे होतील, कल मात्र तोच राहील. फाशांना ऐकू येत नाही, हे वेगळे सांगायला नको. तरी जो शिक्षक फक्त निकाल पाहील, त्याला सहापैकी पाच वेळा ओरडा लागू पडलेला आणि कौतुक बाधलेले दिसेल.

विद्यार्थ्याचे गुण म्हणजे काही फासे नव्हेत. त्यांत तयारी असते, समज असते, मेहनत असते. पण प्रत्येक चाचणीत थोडा भाग त्या दिवसाचा असतो: झोप नीट झाली का, आलेले प्रश्न नेमके वाचलेल्या धड्यावरचे होते का, घरी आदल्या रात्री काय घडले. एखाद्या मुलाला कधी नव्हे इतके कमी गुण पडले, तर तो दिवसही बहुधा वाईट होता. पुढच्या चाचणीत तो वर येण्याचीच शक्यता जास्त. मधल्या काळात आपण त्याला वर्गासमोर उभे करून बोललो असू, तर श्रेय आपल्या बोलण्याला जाईल. आपण तिखट होतो आणि दर आठवड्याला जग आपल्याला त्याचे बक्षीस देते. एवढा खोटा आणि एवढा खात्रीचा धडा दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल, असे वाटत नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. तरीही "पण छडीने फरक पडत होता हो" असे म्हणणारे, मनाने अत्यंत चांगले शिक्षक आम्हाला भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. फक्त छडी न मारलेल्या, तितक्याच मागे पडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याची नोंद कुणी ठेवलेली नसते.

आमच्या मित्राचा एक आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. राग माणसाच्या शरीरावर परिणाम करतो, नाडी वाढते, अंगात जोर येतो. मग खेळावर परिणाम होणारच नाही, असे कसे म्हणता? आम्ही तसे म्हणत नाही. पण चढाईच्या वेळी जोर उपयोगी पडेल, तर पकडीच्या वेळी तोच गडी अधीर होऊन साखळी तोडील. बेरीज कुठल्या बाजूला जाते ते मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि वालावलच्या मैदानावर ते कुणी मोजलेले नाही.

म्हणून पुढच्या हंगामासाठी एक वही घातली आहे. लोण केव्हा बसला, त्या वेळी गुण किती, मैदानात गडी किती, मार्गदर्शक कुठे होते आणि पुढच्या पाच मिनिटांत दोन्ही बाजूंनी किती गुण केले, असे रकाने मित्राने स्वतः आखले. गणिताचा माणूस असल्यामुळे रेघा सरळ आल्या. मग पेन थांबवून त्याने विचारले, "आणि ज्या मॅचीत सर गप बसान रवले, ती पण लिवायची?"

ती तर आधी लिहायची, असे आम्ही म्हटले. तो म्हणाला, मग दुसरी वही लागेल, कारण तसे सामने पुष्कळ होतात.